‘इत्तेकिमास’ म्हणजे ‘जातो’ नाही, ‘येतो’! रोजच्या वापरातली जपानी वाक्यं: अर्थ, उच्चार आणि वापर

अ‍ॅनिमे बघता बघता ‘नानी’, ‘अरिगातो’, ‘सायोनारा’ हे शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ झालेत. पण समोर खरा जपानी माणूस आला, तर त्यातला कोणता शब्द वापरायचा आणि कोणता चुकूनही वापरायचा नाही? आजच्या लेखात आपण तेच पाहणार आहोत.

हा लेख लिहायचं कारण आमच्या घरातलंच आहे. मी लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळचा. माझी चुलत बहीण, म्हणजे आमची ताई, नर्सिंग शिकलेली आहे. जपानमध्ये वृद्धांची देखभाल करण्याच्या कामासाठी तिने दीड वर्ष जपानी शिकली. ‘एन-४’ परीक्षा पास झाली आणि मग व्हिडिओ कॉलवर मुलाखत आली. घरात रेंज नव्हती म्हणून मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावून गच्चीवर तिच्या बाजूला बसलो होतो. समोरच्या बाईंनी विचारलं, “याकिन वा दाइजोबु देस का?” ताईला ‘याकिन’ शब्द माहीत नव्हता, पण ‘दाइजोबु देस का’ ओळखीचं होतं. तिला वाटलं, ‘बरी आहेस ना?’ असं विचारतायत. ती हसून म्हणाली, “हाइ, दाइजोबु देस.” पुढचा प्रश्न आला, महिन्यातून किती वेळा जमेल? ताई गप्प.

‘याकिन’ म्हणजे रात्रपाळी. ताईची रात्रपाळीला काहीच हरकत नव्हती. पण न समजता ‘हो’ म्हटलं, हे समोरच्यांच्या लक्षात आलं आणि निवड झाली नाही. ज्या कामात पेशंटचं म्हणणं नीट समजणं हेच अर्धं काम असतं, तिथे न समजता मान हलवणारा माणूस कोण घेईल?

तेव्हापासून ताईने आणि मी मिळून एक वही केली. शब्दाचा अर्थ तर लिहायचाच, पण तो कुठे बोलायचा आणि कुठे नाही, हेसुद्धा लिहायचं. हा लेख म्हणजे त्याच वहीची स्वच्छ प्रत समजा.

मराठी माणसाने जपानी का शिकायची?

एक कारण म्हणजे काम. जपानने एप्रिल २०१९ मध्ये ‘तोकुतेइ गिनो’ नावाचा कुशल कामगारांचा व्हिसा सुरू केला. भारताबरोबर त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी ठरवलं, की पाच वर्षांत ५ लाख लोकांची देवाणघेवाण करायची आणि त्यात भारतातून ५० हजार कुशल माणसं जपानला जातील. या व्हिसासाठी साधारणपणे ‘एन-४’ किंवा त्या तोडीची दुसरी परीक्षा लागते. देखभालीच्या कामाला त्या कामातल्या भाषेची वेगळी परीक्षाही द्यावी लागते. एक गोष्ट आधीच समजून घ्या. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात घरच्यांना सोबत नेता येत नाही.

दुसरं कारण म्हणजे आपल्याकडे ही वाट नवी नाही. पुणे हे जपानी शिकण्याचं जुनं केंद्र आहे. अंबरनाथमध्ये जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा भागात नगरसेवक म्हणून निवडून आले. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतली पोरं जपानी शिकतायत, ही बातमी २०२० मध्ये सगळीकडे गाजली होती. रोबोट आणि तंत्रज्ञानाची आवड आहे म्हणून त्या मुलांनी ही भाषा निवडली होती. खेड्यातल्या पोरांना जमतं, तर तुम्हाआम्हाला का नाही जमणार?

आधी आनंदाची बातमी: जपानीची रचना मराठीसारखीच आहे

इंग्रजीत ‘मी जातो शाळेला’ असा उलटा क्रम लागतो. जपानीत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. ‘इंदो कारा किमाश्ता’ म्हणजे ‘भारतातून आलो’. ‘कारा’ हा आपला ‘-हून’ किंवा ‘-तून’. प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘का’ लावायचा, अगदी आपल्यासारखाच: ‘दाइजोबु देस का?’ म्हणजे ‘ठीक आहे का?’ वाक्याच्या शेवटी येणारा ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’. ‘ई देस ने’ म्हणजे ‘छान आहे ना!’

अजून गंमत बघा. ‘ताबेते मिते’ म्हणजे ‘खाऊन बघ’. ‘मिरु’ म्हणजे बघणे, आणि चाखण्याच्या अर्थाने ते दोघेही ‘बघणे’च वापरतात. ‘काइते ओकु’ म्हणजे ‘लिहून ठेवणे’. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे ‘खाऊन टाकणे’. ताईच्या क्लासमध्ये हा धडा इंग्रजीतून शिकवला, तेव्हा तिला काही कळलं नाही. घरी येऊन मराठीत मांडला, तर पाच मिनिटांत समजला. म्हणून माझा सल्ला असा, की जपानी इंग्रजीतून नाही, मराठीतून समजून घ्या.

उच्चार: इथेही आपण पुढे आहोत

जपानी ‘त्सु’ हा आवाज अनेकांना जमत नाही. आपण ‘चूल’ म्हणताना जो च काढतो, तोच हा आवाज. ‘चहा’तला च वेगळा. ‘त्सुनामी’ म्हणताना चुलीतला च वापरा, बरोबर येईल. आणि ‘गोझाइमास’ मधला झ हा ‘जाड’ मधल्या ज सारखा म्हणा.

तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा.

१) ऱ्हस्व-दीर्घ. ‘ओबासान’ म्हणजे काकू किंवा मावशी, आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. स्वर लांबला की नातं बदललं. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीरु’ म्हणजे बिअर.

२) जोडाक्षरावर थांबा. ‘किते कुदासाइ’ म्हणजे ‘या’, आणि ‘कित्ते कुदासाइ’ म्हणजे ‘कापा’.

३) ‘ल’ आणि ‘ळ’ विसरा. जपानीत हे दोन्ही आवाज नाहीत. आपलं लातूर तिथे ‘रातूरु’ होतं, आणि अनंतपाळचं ‘अनान्तोपारु’. ताईला आपल्या गावाचं नाव असं बोलायची आधी लाज वाटायची. नंतर तिनेच ठरवलं, की ओळख करून देताना आधी त्यांच्या पद्धतीने सांगायचं, मग आपल्या. त्यांना ‘ळ’ म्हणायला लावलं, की गप्पा सुरूच होतात!

लिहिताना मी ‘देस’ आणि ‘मास’ असं लिहिलंय. जपानी लिपीत ते ‘देसु’ आणि ‘मासु’ असतं, पण शेवटचा उ बोलताना जवळजवळ गायब होतो.

भेटल्यावर आणि ओळख करून देताना

ओहायो गोझाइमास: शुभ सकाळ. मित्रामित्रांत नुसतं ‘ओहायो’ चालतं. मोठ्यांना, साहेबांना आणि अनोळखी माणसांना पूर्ण म्हणा.

कोन्निचिवा: दिवसा भेटल्यावर. घरच्या माणसांना मात्र कोणी ‘कोन्निचिवा’ म्हणत नाही. आपण तरी रोज आईला ‘नमस्कार’ कुठे म्हणतो?

कोंबानवा: संध्याकाळी भेटल्यावर.

ओयासुमि नासाइ: झोपायच्या आधी.

हाजिमेमाश्ते: पहिल्या भेटीत, तेही फक्त एकदाच. दुसऱ्या भेटीत म्हटलं, तर पहिली भेट विसरलात असा अर्थ होतो.

योरोशिकु ओनेगाइ शिमास: याला एका शब्दाचं मराठी नाही. ‘सांभाळून घ्या’, ‘लक्ष असू द्या’, ‘एवढं काम करा बरं का’ हे सगळं त्यात येतं. ओळख करून दिल्यावर, काम सांगताना, ईमेलच्या शेवटी, सगळीकडे लागतं. आपल्याकडे नवी सून किंवा नवा मास्तर आला की मोठी माणसं ‘सांभाळून घ्या’ म्हणतात, तोच भाव.

सान: नावापुढे लावायचा मानाचा शब्द, ‘राव’ किंवा ‘ताई’सारखा. स्वतःच्या नावाला कधीही लावू नका. स्वतःला ‘मी अमुकराव’ म्हटल्यासारखं होतं. आणि ‘तुम्ही’ म्हणायला पुस्तकात ‘अनाता’ शिकवतात, पण प्रत्यक्षात समोरच्याचं नाव आणि ‘सान’ एवढंच वापरतात.

आभार, माफी आणि विनंती

अरिगातो गोझाइमास: आभारी आहे. काम पूर्ण झाल्यावर शेवटी ‘अरिगातो गोझाइमाश्ता’ असं भूतकाळात म्हणतात. नुसतं ‘अरिगातो’ दोस्तांना.

सुमिमासेन: हा शब्द म्हणजे सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली. गर्दीत वाट काढताना, हॉटेलात वेटरला बोलावताना, धक्का लागल्यावर, आणि कोणी आपल्यासाठी त्रास घेतला तर आभार म्हणूनही चालतो. जपानला जाताना एकच शब्द न्यायचा असेल तर हा न्या.

गोमेन नासाइ: माफ कर. हा घरातला, जवळच्या माणसांतला शब्द. कामावर ‘सुमिमासेन’ किंवा मोठी चूक असेल तर ‘मोशिवाके गोझाइमासेन’.

ओनेगाइ शिमास: कृपया. काही मागताना त्या वस्तूच्या नावानंतर म्हणायचं: ‘मिझु ओ ओनेगाइ शिमास’, म्हणजे ‘पाणी द्या’.

फसवे शब्द: डिक्शनरीत एक, तोंडात दुसरंच

हाइ: डिक्शनरीत ‘हो’. प्रत्यक्षात पुष्कळदा आपला ‘हं’, म्हणजे ‘ऐकतोय’. समोरच्याने दहा वेळा ‘हाइ’ म्हटलं, तरी तो कबूल झाला असं समजू नका.

दाइजोबु देस: ‘मी ठीक आहे’, ‘चालेल’ आणि ‘नको’ असे तिन्ही अर्थ. दुकानात विचारतात, ‘फुकुरो वा इरिमास का?’, म्हणजे पिशवी हवी का? (जुलै २०२० पासून तिथे प्लास्टिक पिशवीचे पैसे लागतात.) तुम्ही ‘दाइजोबु देस’ म्हणालात, तर पिशवी मिळणार नाही. हवी असेल तर ‘ओनेगाइ शिमास’ म्हणा. आपलं ‘राहू द्या’ कसं असतं, तसंच हे.

चोत्तो: अर्थ ‘थोडं’. पण कोणी ‘सोरे वा चोत्तो…’ म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तर समजा उत्तर ‘नाही’ आहे. तोंडावर नाही म्हणणं ते टाळतात. आपल्याकडेही ‘बघू, सांगतो’ म्हणजे काय, हे उधार मागणाऱ्याला बरोबर कळतं!

सायोनारा: सिनेमामुळे हा शब्द आपल्याला सगळ्यात जास्त माहीत, पण रोजच्या निरोपाला मोठी माणसं तो फार कमी वापरतात. त्यात बऱ्याच दिवसांच्या ताटातुटीचा भाव आहे. मित्रांना ‘जा ने’ किंवा ‘माता ने’, म्हणजे ‘परत भेटू’. ऑफिसात ‘शित्सुरेइ शिमास’.

मोशी मोशी: फक्त फोनवरचं ‘हॅलो’. समोरासमोर नाही.

नानी, ओमाए, बाका: अ‍ॅनिमेतून आलेले. ‘नानी?’ म्हणजे ‘काय?’, मोठ्यांना ‘नान देस का?’ म्हणावं. ‘ओमाए’ म्हणजे ‘अरे तू’ या थाटातलं. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. वयाने मोठ्या माणसाला हे म्हणालात, तर काय होईल ते तुम्हीच ठरवा.

घरातली वाक्यं

आता या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग.

इत्तेकिमास: घराबाहेर पडताना म्हणतात. ‘इत्ते’ म्हणजे जाऊन, ‘किमास’ म्हणजे येतो. जाऊन येतो! मी भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकून पाहिलं, तर ‘मी जात आहे’ असं उत्तर आलं. आपल्या घरात कोणी ‘जातो’ म्हटलं, की आजी लगेच रागवते, “जातो म्हणू नाही, येतो म्हणावं.” जपानी माणूस ही गोष्ट रोज सकाळी चपला घालताना म्हणतो.

इत्तेराश्शाइ: घरात राहणाऱ्याचं उत्तर. म्हणजे ‘जाऊन या’.

तादाइमा: घरी परत आल्यावर. शब्दशः ‘आत्ताच’, म्हणजे ‘आलो बरं का’.

ओकाएरि नासाइ: त्याला उत्तर, ‘आलास का, ये’.

इतादाकिमास: जेवायच्या आधी. अर्थ ‘नम्रपणे स्वीकारतो’. आपल्याकडे पंगतीत श्लोक म्हणून घास घेतात, तसं.

गोचिसोसामा देश्ता: जेवण झाल्यावर. आपलं ‘अन्नदाता सुखी भव’. हॉटेलातून निघतानाही म्हणतात.

कामावरची वाक्यं

ओत्सुकारेसामा देस: ‘दमलात, मेहनत केलीत’ असा अर्थ. सहकारी भेटला, काम संपलं, फोन उचलला, सगळीकडे चालतं. याचाच जुळा शब्द ‘गोकुरोसामा’ हा फक्त वरिष्ठाने हाताखालच्याला म्हणायचा असतो. साहेबाला म्हणालात तर ‘शाब्बास’ म्हटल्यासारखं होईल.

ओसाकि नि शित्सुरेइ शिमास: बाकीचे काम करत असताना आपण आधी निघालो तर म्हणायचं. ‘तुमच्या आधी निघतोय, माफ करा.’

वाकारिमाश्ता: समजलं. मित्रांच्या चॅटवर ‘र्योकाइ’ चालतं, पण साहेबांना ‘शोचि शिमाश्ता’ जास्त शोभतं.

गांबात्ते कुदासाइ: जोर लावा, मन लावून करा. आणि ‘मुरि शिनाइदे’ म्हणजे ‘अंगावर काढू नका, झेपेल तेवढंच करा’.

न समजल्यावर काय म्हणायचं?

ही चार वाक्यं ताईकडे पहिल्या मुलाखतीत असती, तर पहिल्याच वेळी काम झालं असतं. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सुमिमासेन, वाकारिमासेन: माफ करा, समजलं नाही.

मो इचिदो ओनेगाइ शिमास: परत एकदा सांगा.

युक्कुरि ओनेगाइ शिमास: हळू सांगा.

___ वा नान देस का?: ___ म्हणजे काय? (रिकाम्या जागी न समजलेला शब्द.)

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ‘एन-५’ ते ‘एन-१’ या परीक्षा, म्हणजे जेएलपीटी, जुलै आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. पुण्यातही केंद्र असतं. ‘एन-५’ला १८० पैकी ८० आणि ‘एन-४’ला ९० गुण लागतात, शिवाय प्रत्येक विभागात किमान गुण हवेत. पण या परीक्षेत बोलण्याचा पेपरच नाही! सगळे पर्यायी प्रश्न. म्हणजे सर्टिफिकेट हातात असूनही तोंड बंद राहू शकतं. ताईचं तेच झालं.

दवाखाना, दुखणं आणि भूकंप

देखभालीच्या कामात ही वाक्यं रोज लागतात: ‘दोको गा इताइ देस का?’ (कुठे दुखतंय?), ‘युक्कुरि दे ई देस यो’ (सावकाश, घाई नाही), ‘ओदाइजि नि’ (तब्येत जपा).

दुखण्याचे प्रकार सांगायला जपानी लोक आपल्यासारखेच जोडशब्द वापरतात. ‘झुकिझुकि’ म्हणजे ठणकतंय, ‘चिकुचिकु’ म्हणजे टोचल्यासारखं होतंय, ‘हिरिहिरि’ म्हणजे चुरचुरतंय. ‘दोकिदोकि’ म्हणजे छातीत धडधड. इंग्रजीत यातला फरक सांगताना दमछाक होते, पण ठणकणं आणि चुरचुरणं यांतला फरक मराठी माणसाला समजवावा लागत नाही. ‘पिकापिका’ म्हणजे चकचकीत, आणि ‘पिकाचू’तला ‘पिका’ही याच चमकण्यातला.

आणि एक शब्द आमच्या भागातल्या माणसाने विसरू नये: जिशिन, म्हणजे भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप मी पाहिलेला नाही, पण आमच्या घरात आजही त्याची आठवण निघते. जपानमध्ये धोक्याचा इशारा आला, की फोन मोठ्याने ‘जिशिन देस’ असं ओरडतो. अशा वेळी ऐकू येणारे शब्द: ‘निगेते’ (पळा), ‘आबुनाइ’ (धोका आहे), ‘ताकाइ तोकोरो’ (उंच जागा). मदत हवी तर ‘तासुकेते!’ रुग्णवाहिका आणि अग्निशमनसाठी ११९, पोलिसांसाठी ११०.

१९९५ च्या कोबे भूकंपात परदेशी लोकांना अवघड जपानीतल्या सूचना समजल्या नाहीत. त्यातून धडा घेऊन तिथे ‘यासाशि निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी, ही पद्धत सुरू झाली. ‘हिनान’ या जड शब्दाऐवजी साधं ‘निगेरु’ म्हणायचं. संकटात अवघड भाषा उपयोगाची नसते, हे त्यांनी मान्य केलं. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही भूकंपाच्या इशाऱ्याची सोय २०२३ पासून भारतात आली आहे. सेटिंगमध्ये सुरक्षा आणि आणीबाणीच्या भागात जाऊन ती चालू आहे का, ते आत्ताच बघून घ्या.

मोबाईलवर जपानी: काय वापरायचं?

कीबोर्ड: जीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा, मग कीबोर्ड जोडा, मग जपानी निवडा. त्यात क्वर्टी मांडणी घेतली, तर इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं आपोआप जपानी लिपीत येतं. जोडाक्षरासाठी व्यंजन दोनदा दाबायचं.

भाषांतर: गुगल ट्रान्सलेटमध्ये जपानी भाषा आधीच डाउनलोड करून ठेवा, रेंज नसली तरी चालतं. कॅमेऱ्याने पाटी किंवा औषधाचं पाकीट वाचता येतं. पण वर दिलेले ‘चोत्तो’, ‘दाइजोबु’ असे शब्द अ‍ॅपवर सोडू नका. अ‍ॅपला शब्द दिसतो, समोरच्याचा चेहरा दिसत नाही.

पाठांतर: अँकीड्रॉइड हे फ्री अ‍ॅप शब्द विसरायच्या बेताला आला की परत विचारतं. रोज दहा नवे शब्द पुरेत.

अभ्यास: जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरि’ हे पुस्तक आणि त्याचे ऑडिओ फुकट डाउनलोड होतात. एनएचके वर्ल्डचे सोप्या जपानीचे धडे हिंदीतही आहेत.

चॅट: जपानमध्ये व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा ‘लाइन’ हे अ‍ॅप चालतं. तिथे ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ दिसलं तर तो हसण्याचा आवाज समजा. हसण्याला ‘वाराउ’ म्हणतात, त्याचं पहिलं अक्षर. ती अक्षरं ओळीने गवतासारखी दिसतात म्हणून हसण्यालाच ‘कुसा’, म्हणजे गवत, म्हणायला लागले. आणि ‘८८८८’ म्हणजे टाळ्या, कारण आठला ‘हाचि’ म्हणतात आणि टाळीचा आवाज ‘पाचिपाचि’.

एक सावधगिरी: जपानला पाठवतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्या एजंटची नोंदणी तपासा. नोंदणी क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली, की तिथून उठून या. मेसेजमधल्या लिंकवर पैसे भरू नका.

शेवटी ताईचं काय झालं?

चार महिन्यांनी दुसरी मुलाखत आली. या वेळीही एक शब्द अडला. ताई थांबली आणि म्हणाली, “सुमिमासेन, मो इचिदो ओनेगाइ शिमास.” समोरच्या बाईंनी हळू, सोप्या शब्दांत परत विचारलं. ताईने उत्तर दिलं. शेवटी ‘सायोनारा’ न म्हणता ‘शित्सुरेइ शिमास’ म्हणून मान झुकवली. तिची निवड झाली.

निघायच्या दिवशी शिरूरच्या बसस्टँडवर आम्ही सगळे होतो. मोठी माय, म्हणजे ताईची आई, सकाळपासून गप्प होती. पाच वर्षांपर्यंतचं काम, घरचं कोणी सोबत नाही, हे तिला माहीत होतं. लातूरची एसटी लागली. ताईने तिचे पाय धरले आणि म्हणाली, “माय, इत्तेकिमास.”

“काय म्हणली ही?” मोठी मायने मला विचारलं.

मी म्हणालो, “जाऊन येते म्हणली.”

“मग नीट मराठीत सांग की,” मोठी माय म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली.

आता ती रोज रात्री व्हिडिओ कॉल करते. मोठी मायला जपानी फक्त एक शब्द येतो. फोन लागला, की ती आधी तोच म्हणते, “ओकाएरि.” उच्चारात ‘रि’ जरा लांबतो, पण ताई म्हणते, चालतंय.

तर मित्रांनो, पहिल्याच दिवशी सगळी वाक्यं पाठ करायची गरज नाही. आज ‘सुमिमासेन’, ‘मो इचिदो ओनेगाइ शिमास’ आणि ‘इत्तेकिमास’ ही तीन घ्या. उद्या घरातून निघताना मोठ्याने म्हणून बघा. घरचे हसतील, हसू द्या. जपानला जायचं स्वप्न असलेला एखादा मित्र असेल, तर त्याला हा लेख नक्की पाठवा. जा ने!